बाळाच्या आतड्यातले पहिले पाहुणे

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचा पाठ शिकवताना ‘इ. कोलाय’ या जीवाणूचे नाव हमखास येते. पाण्यात तो सापडला, की त्यात कुठेतरी मैला मिसळतो आहे असे समजावे, हे आपण मुलांना सांगतो. हा जीवाणू प्रथम सापडला तो मात्र तान्ह्या बाळांच्या लंगोटात. शोधणारा होता लहान मुलांचा एक डॉक्टर. त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न साधा होता : बाळाच्या पोटात जीवाणू येतात कधी, आणि येतात कुठून?

या प्रश्नाला आता १४० वर्षे होत आली. एवढ्या काळात त्याचे उत्तर अनेकदा बदलले. आज तो पुन्हा ऐरणीवर आला आहे, कारण बाळे जन्माला येण्याची रीतच बदलते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात २००५-०६ मध्ये १०० पैकी ८.५ बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ झाले. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचा जन्म असा झालेला असेल. ‘त्याने काही फरक पडतो का?’ हा प्रश्न म्हणूनच घराघरातला आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे, तर थोडे मागे जायला हवे.

म्युनिकमधील डॉक्टर

थिओडोर एशरिश याचा जन्म १८५७ साली जर्मनीत बव्हेरिया प्रांतात झाला. त्या काळी जर्मन शहरांत जन्मलेल्या दर चार-पाच मुलांपैकी एक मूल पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत असे. उन्हाळ्यात जुलाबांची साथ येई आणि बाटलीने गाईचे दूध पिणारी बाळे तिला सर्वांत आधी बळी पडत. अंगावर पिणारी बाळे त्यामानाने वाचत. असे का, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

नेमकी त्याच सुमारास दोन नवी साधने हाताशी आली होती. रॉबर्ट कॉख यांनी घट्ट पोषक माध्यमावर जीवाणूंच्या वेगवेगळ्या वसाहती वाढवण्याची पद्धत बसवली होती आणि १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जीवाणू रंगवून ओळखण्याची रीत सांगितली होती. आजही प्रयोगशाळांत ‘ग्राम पॉझिटिव्ह’ आणि ‘ग्राम निगेटिव्ह’ हे शब्द चालतात, ते याच रीतीमुळे.

एशरिशने ही दोन्ही साधने उचलली आणि जुलाब झालेल्या बाळांऐवजी आधी निरोगी बाळांकडे मोर्चा वळवला. रोग्याच्या पोटात काय बिघडले हे कळायचे, तर निरोगी पोटात काय असते ते आधी माहीत हवे, असा त्याचा विचार होता. १८८५ च्या जुलै महिन्यात त्याने म्युनिकच्या वैज्ञानिक मंडळापुढे आपले निष्कर्ष मांडले. बाळाची अगदी पहिली, डांबरासारखी काळपट-हिरवी शी जन्मतः निर्जंतुक असते. पण काही तासांतच तिच्यात जीवाणू दिसू लागतात. म्हणजे बाळ त्यांना सोबत घेऊन येत नाही. ते बाहेरून, तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे आत शिरतात.

दूध पिणाऱ्या बाळांच्या शीतून त्याने प्रामुख्याने दोन जीवाणू वेगळे केले. एकाचे नाव ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’, म्हणजे मोठ्या आतड्यात सर्रास आढळणारा जीवाणू. एशरिशच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, त्याच्या सन्मानार्थ या जीवाणूच्या प्रजातीला ‘एशेरिकिया’ हे नाव सुचवले गेले. ‘इ. कोलाय’मधला ‘इ’ तो हाच. दुसरा ‘बॅक्टेरियम लॅक्टिस एरोजिनस’. त्याचे नाते आजच्या क्लेबसिएला आणि एंटेरोबॅक्टर या कुळांशी लागते. ही नावे ध्यानात ठेवावीत, पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

जीवाणूंवाचून जगता येते का?

त्याच १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी एक कल्पना मांडली. एखाद्या प्राण्याला जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक अन्नावर वाढवून पाहावे. आपल्या मते तो जगू शकणार नाही, असे ते म्हणाले. ज्यांनी जीवाणूंना रोगाचे कारण म्हणून जगापुढे उभे केले, त्यांनाच जीवाणूंवाचून जगणे अशक्य वाटावे, ही गंमतच म्हणायची.

हा प्रयोग दहा वर्षांनी बर्लिनमध्ये झाला. जॉर्ज नटाल आणि हान्स थिअरफेल्डर यांना जीवाणूविरहित प्राणी हवा होता. तो मिळवायचा कसा? नैसर्गिक वाटेने जन्मलेल्या पिलाला वाटेतच जीवाणू चिकटणार. म्हणून त्यांनी गिनीपिगच्या मादीचे पोट उघडून, म्हणजे सिझेरियन करूनच, पिलू बाहेर काढले आणि ते थेट निर्जंतुक पेटीत ठेवले. आत जाणारी हवा निर्जंतुक, दूधही निर्जंतुक. रात्रंदिवस पाळीपाळीने ते पिलाला दूध पाजत राहिले. आठ दिवसांनी त्याचे आतडे तपासले, तेव्हा त्यात एकही जीवाणू सापडला नाही. पिलू मात्र जिवंत राहिले होते. १८९५ ची ही गोष्ट.

पाश्चर यांचा अंदाज चुकला, एवढेच या प्रयोगाचे महत्त्व नाही. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या : गर्भाशयातले पिलू निर्जंतुक असते, आणि जन्माची वाट बदलली की जीवाणूंचा प्रवेशही बदलतो. पुढे विसाव्या शतकात जीवाणूविरहित उंदीर वाढवणाऱ्या प्रयोगशाळांनी सुरुवात याच पद्धतीने केली. अशा उंदरांची रोगप्रतिकार यंत्रणा अर्धवट वाढलेली राहते असे आढळले. जीवाणूंवाचून जगता येते, पण अंगाची घडण पुरी होत नाही, असा त्याचा अर्थ.

हवा न सोसणारे जीवाणू

एशरिशच्या हातून एक मोठी गोष्ट निसटली होती. त्याच्या वसाहती हवेत वाढत. ज्यांना ऑक्सिजन सोसतच नाही, असे जीवाणू तिथे उगवणे शक्य नव्हते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आँरी तिसिए याने उंच नळीत खोलवर आगर भरून त्याच्या तळाशी जीवाणू वाढवले. तिथवर हवा पोचत नाही. १८९९-१९०० मध्ये त्याने दाखवून दिले, की अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या आतड्यात बहुसंख्य असतात ते एका टोकाला दुभंगलेले, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दिसणारे जीवाणू. दुभंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना ‘बायफिडस’ म्हटले गेले. आज आपण त्यांना बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो.

तिसिएने बाळाच्या आतड्यातल्या घडामोडींचे टप्पेही सांगितले. आधी काही तास कोणीच नाही. मग एक-दोन दिवस नाना प्रकारच्या जीवाणूंची गर्दी. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, बाळ अंगावर पीत असेल तर, बायफिडसचे राज्य. गाईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळात मात्र ती मिश्र गर्दी तशीच टिकून राहते. जुलाब झालेल्या बाळात हे जीवाणू कमी असतात, तेव्हा ते बाहेरून देऊन पाहावेत, असेही त्याने सुचवले.

त्याच सुमारास एशरिशचा शिष्य अर्न्स्ट मोरो यानेही बाळाच्या शीतून आम्लात तग धरणारा एक जीवाणू वेगळा केला. बाळ दचकले की हात फैलावते आणि मग जवळ घेते, त्या ‘मोरो प्रतिक्षेपा’मुळे हे नाव डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. खुद्द एशरिश १९०२ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत आईच्या दुधाचा प्रचार करीत राहिला.

पहिल्या दिवशी इ. कोलायसारखे जीवाणू आणि नंतर बायफिडस, हा क्रम का? इ. कोलायला हवा असली तरी चालते, नसली तरी चालते. नवजात बाळाच्या आतड्यात थोडा ऑक्सिजन असतो. पहिले आलेले जीवाणू तो संपवतात आणि मगच हवा न सोसणाऱ्यांना जागा होते. पडीक जमिनीवर आधी गवत-झुडपे येतात आणि मग मोठी झाडे, तसाच हा प्रकार. जीवशास्त्राच्या शिक्षकांना परिसंस्थांमधील अनुक्रमाचे हे उदाहरण वर्गात वापरता येईल.

बाळाला न पचणारी साखर

आईच्या दुधाने बायफिडस का वाढतात, याचे उत्तर मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. हंगेरीत जन्मलेले बालरोगतज्ज्ञ पॉल ज्यॉर्जी यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून यांनी जर्मनीत या कोड्याचा पाठपुरावा केला. आईच्या दुधात लॅक्टोजशिवाय काही लहान साखळ्यांच्या शर्करा असतात, त्या या जीवाणूंना वाढवतात, असे त्यांना आढळले. अशा दीडशेहून अधिक शर्करा आज माहीत आहेत. एक लिटर दुधात त्या साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात अगदीच थोड्या.

नवल असे, की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या तोडणारे विकर बाळाच्या शरीरात नसते. मग आई आपल्या अंगातली शक्ती खर्चून न पचणारी साखर का बनवते? ही शिदोरी बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांसाठी असते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी बायफिडोबॅक्टेरियमच्या ‘इन्फंटिस’ या उपजातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा या शर्करा आत ओढून तोडण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा एक पूर्ण गटच त्यात सापडला. शर्करा खाऊन हे जीवाणू लॅक्टिक आणि अॅसिटिक आम्ल तयार करतात. आतड्यातला सामू उतरतो आणि अनेक रोगजंतूंना तिथे वाढणे अवघड होते. उन्हाळी जुलाबांत अंगावर पिणारी बाळे का वाचत, याच्या उत्तरातला हा एक मोठा भाग आहे.

येथे एक चिंतेची नोंद करायला हवी. १९२६ ते २०१७ या काळातील १४ अभ्यासांतले आकडे अमेरिकन संशोधकांनी २०१८ मध्ये एकत्र मांडले. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा सामू या काळात ५ वरून ६.५ पर्यंत चढला होता. म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळांतही आम्ल बनवणारे ते जुने रहिवासी कमी होत चालले असावेत.

वाट बदलली की पाहुणे बदलतात

तिसिएच्या काळी सिझेरियन ही जीव धोक्यात घालणारी, क्वचित होणारी शस्त्रक्रिया होती. भूल, रक्त देण्याची सोय आणि प्रतिजैविके यांमुळे ती सुरक्षित झाली आणि तिने असंख्य आया व बाळे वाचवली. अशा बाळांच्या जीवाणूंची बारकाईने मोजणी झाली ती फिनलंडमध्ये, १९९९ साली. नैसर्गिक प्रसूतीची ३४ आणि सिझेरियनची ३० बाळे सहा महिने तपासली गेली. सिझेरियनच्या बाळांत बायफिडससारखे जीवाणू उशिरा आले, पण महिन्याभरात त्यांनी बरोबरी गाठली. ‘बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस’ या गटाची मात्र तूट राहिली. सहाव्या महिन्यात तो गट नैसर्गिक प्रसूतीच्या ७६ टक्के बाळांत होता, तर सिझेरियनच्या फक्त ३६ टक्के बाळांत.

त्यानंतर जीवाणू वाढवण्याऐवजी त्यांचा डीएनए वाचून ओळखण्याचे तंत्र आले. २०१० मध्ये मारिया ग्लोरिया डोमिंगेझ-बेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातील ९ माता आणि त्यांची १० बाळे तपासली. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांवर आईच्या योनिमार्गातले जीवाणू होते, तर सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवर राहणारे. चित्र इतके स्पष्ट होते, की पुढची पायरी लगेच सुचली. आईच्या योनिमार्गात ठेवलेला गॉजचा बोळा सिझेरियनच्या बाळाच्या अंगावरून फिरवायचा! अशा ४ बाळांवरचा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वर्तमानपत्रांत गाजला. पण या बोळ्यातून रोगजंतूही जाऊ शकतात. म्हणून अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितले, की संशोधनाबाहेर हे करू नये.

पाहुणे येतात कोणाकडून?

२०१९ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाने या कल्पनेचा पायाच हलवला. त्यात ५९६ बाळांच्या शीचे नमुने होते. ३१४ नैसर्गिक प्रसूतीची आणि २८२ सिझेरियनची. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांना आईकडून मिळालेले आतड्यातले जीवाणू योनिमार्गातले नव्हतेच; ते आईच्या आतड्यातले होते. जन्मताना बाळाचे तोंड आईच्या गुदद्वाराजवळून जाते, तेव्हा ही देवघेव होते. ऐकायला किळसवाणे वाटले, तरी निसर्गाची रीत ती हीच.

सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स कमी आणि एंटेरोकॉकस, एंटेरोबॅक्टर, क्लेबसिएला हे रुग्णालयांत आढळणारे जीवाणू जास्त होते. एशरिशचा तो दुसरा जीवाणू आपल्याला इथे पुन्हा भेटतो. हे जीवाणू एरवी गप्प असतात, पण संधी मिळाली तर आजार करू शकतात. बाळे वरचे अन्न खाऊ लागली तसे बहुतेक फरक वर्षाच्या आत पुसट झाले. बॅक्टेरॉइड्सची उणीव अधिक काळ टिकली.

मधल्या काळात एशरिशच्या पहिल्या निष्कर्षालाच आव्हान मिळाले होते. २०१४ मध्ये अमेरिकेत ३२० वारांची तपासणी होऊन वारेतही जीवाणूंची वस्ती असते असा दावा झाला. केंब्रिजमध्ये ५३७ स्त्रियांच्या वारा तपासून २०१९ मध्ये त्याला उत्तर मिळाले. सापडलेला बहुतेक डीएनए प्रयोगासाठी वापरलेल्या रसायनांतून आणि प्रसूतीच्या वेळच्या संसर्गातून आला होता. खरे तर नटाल आणि थिअरफेल्डर यांच्या पिलाने हे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. वारेत जीवाणू राहत असते, तर सिझेरियनने जीवाणूविरहित प्राणी मिळालेच नसते.

दोष कोणाचा?

सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत दमा आणि अॅलर्जी यांचे प्रमाण थोडे अधिक असल्याचे अनेक देशांतील नोंदींवरून दिसते. मग हे जीवाणूंमुळेच, असे म्हणावे का? इथे घाई करू नये. सिझेरियनच्या वेळी आईला प्रतिजैविक दिले जाते. नाळ कापण्याआधी दिलेले औषध बाळापर्यंत पोचते. बाळाला अंगावर घ्यायला उशीर होतो, रुग्णालयातला मुक्काम लांबतो. शिवाय ज्या कारणाने शस्त्रक्रिया करावी लागली, ते कारणही बाळावर परिणाम करू शकते. एकत्र आढळणाऱ्या दोन गोष्टींतली एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हे विज्ञानाच्या वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. सिझेरियन झालेल्या कोणत्याही आईने ‘माझे चुकले’ असे मानण्याचे काही कारण नाही. गरज असताना ती शस्त्रक्रिया टाळणे हाच मोठा धोका असतो. गरज नसताना ती करू नये, हे सांगण्याची जागा डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यापाशी आहे.

उपायांचे काय? २०२० मध्ये हेलसिंकीतील संशोधकांनी सिझेरियनच्या ७ बाळांना त्यांच्याच आईची अगदी थोडी विष्ठा आईच्या दुधात मिसळून एकदाच दिली. त्यांच्या आतड्यातील वस्ती नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांसारखी झाली. त्यासाठी १७ मातांची कसून तपासणी झाली होती आणि त्यांतल्या ७ जणीच पात्र ठरल्या. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे, हे या आकड्यांवरूनच कळावे.

आपल्याकडचा मोठा प्रयोग ओडिशातल्या खेड्यांत झाला. त्याचा प्रश्न सिझेरियनचा नव्हता. बाळांच्या रक्तात जंतू पसरून होणारे मृत्यू, म्हणजे एशरिशच्याच काळजीचा, तो प्रश्न होता. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर हा अभ्यास केला. त्यांतल्या काहींना सात दिवस लॅक्टोबॅसिलसची एक जात आणि तिला पोसणारी शर्करा दिली, तर काहींना नुसते दिसायला तसेच औषध दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले होते. ही सारी बाळे पुऱ्या किंवा जवळजवळ पुऱ्या दिवसांची आणि चांगल्या वजनाची होती. उलट, मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना अशी जिवंत जीवाणूंची औषधे देणे धोक्याचे ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला. तेव्हा दुकानातली कोणतीही पुडी आपल्या मनाने बाळाला देणे योग्य नाही.

घरच्या रीतींकडेही याच नजरेने पाहावे. जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. मधात बॉट्युलिझमच्या जीवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातली जुनी वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाचे आतडे मात्र अजून मोकळे रान असते, तिथे ते रुजून विष तयार करतात. हा आजार बाळांना होतो हे १९७६ मध्ये कळले. म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईचा चीक, आणि सहा महिने फक्त आईचे दूध, ही गोष्ट प्रसूती कशीही झाली तरी बहुतेक प्रत्येक आईला करता येते, आणि तिला पैसा लागत नाही.

वर्गात हा विषय घेताना मुलांना एक तक्ता करायला सांगावा. एका बाजूला साधन : घट्ट माध्यम, खोल आगरची नळी, निर्जंतुक पेटी, डीएनएचे वाचन. दुसऱ्या बाजूला त्या साधनाने मिळालेले उत्तर, आणि तिसऱ्या बाजूला त्या साधनाला न दिसलेली गोष्ट. एशरिशला बायफिडस दिसले नाहीत, ते त्याच्या थाळीत हवा होती म्हणून. वारेत जीवाणू ‘दिसले’, ते रसायने निर्भेळ नव्हती म्हणून. तिसऱ्या रकान्यात शेवटच्या साधनापुढे काय लिहावे, यावर मुलांना वाद घालू द्यावा.